सारे आनुवंशिकच असते का?

जालना जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात मी आनुवंशिकतेवर बोलत होतो. चहाच्या सुटीत एका बाईंनी विचारले, "सर, आमच्या गावात आई किडकिडीत, तिचे बाळही जेमतेम अडीच किलोचे. हे आनुवंशिकच ना? मग त्यात शाळेने काय करायचे?" याच प्रश्नामागे पुण्यातील एक संशोधक गट तीस वर्षांहून अधिक काळ लागला आहे. त्याची हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकी शास्त्रज्ञाने 'काटकसरी जनुकां'ची कल्पना मांडली. दुष्काळात तग धरायला उपयोगी पडलेले जनुक सुबत्तेत मधुमेहाला कारण होत असावेत, असे ते म्हणाले. १९९२ मध्ये इंग्लंडमधील हेल्स आणि बार्कर यांनी वेगळा विचार पुढे आणला. त्यांच्या मते ही काटकसर जनुकांत नसून गर्भावस्थेत अंगी बाणते. आईच्या पोटात पुरेसे पोषण न मिळालेले बाळ आपल्या शरीराची घडण बदलते आणि त्याची किंमत मोठेपणी मोजते.

खरे काय, हे तपासायचे तर गरोदरपणाच्या आधीपासूनच्या नोंदी हव्यात. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम हाती घेतले. आहाराचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी केला. गटातील कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीची तारीख टिपत. बाळ जन्मले, की ७२ तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली जाई. गावकऱ्यांचा विश्वास नसता, तर यातले काहीच जमले नसते.

गरोदर होण्यापूर्वी या आयांचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते. बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण गंमत पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटाचा घेर बराच कमी होता. पाठीवरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आत चरबी राखून असलेले हे बाळ २००३ मध्ये जगापुढे आले.

आहाराचे निष्कर्ष २००१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी मात्र तो दिसला. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी पडले, की रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य वाढते.

आता जनुकांकडे येऊ. होमोसिस्टीनचे प्रमाण एमटीएचएफआर या जनुकाच्या प्रकारावरही थोडेफार ठरते. कोणाला कोणता प्रकार मिळणार, हे जन्मतःच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. गरिबी-श्रीमंतीचा त्यात हात नसतो. म्हणून ही निसर्गानेच केलेली चाचणी ठरते. पुणे आणि म्हैसूर येथील माता-बालकांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये दिसले, की आईचे होमोसिस्टीन वाढणे हे बाळाचे वजन घटण्याचे कारण असावे. म्हणजे जनुकांच्याच साक्षीने पोषणाच्या बाजूला बळ मिळाले! २०१२ पासून या गटाने, त्याच गावांत जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ देऊन परिणाम तपासायला सुरुवात केली.

जनुकांचा वाटा नाहीच, असे याचा अर्थ नव्हे. उंचीसारख्या गोष्टींत तो मोठा आहे. पण 'आनुवंशिक' म्हणून हात झटकले, तर जे बदलता येते तेही राहून जाते. त्या बाईंना मी एवढेच म्हणालो, की उद्याच्या बाळाची आई आज तुमच्या आठवीच्या वर्गात बसली आहे. तिच्या डब्यात काय असते, ते एकदा पाहा.