युरियाच्या दोन मुठी

आमचं रोहिणखेड घाटाखालचं गाव. १४३७ साली बहामनी फौजेनं खानदेशच्या नासिरखानाला इथंच हरवलं, असं इतिहासात आहे. माझ्या हरण्याची गोष्ट मात्र दिंडोरीची. तिला आता पंचवीसेक वर्षं झाली.

बहीण तिकडं दिलेली. एप्रिलची खरड छाटणी झाली की दाजींना माणूस कमी पडे. मग मी मलकापूरहून गाडीत बसायचो आणि पावसापर्यंत तिथंच राहायचो.

दाजींच्या आजोबांच्या काळी भोकरी होती. बियांची द्राक्षं, वेल पांगाऱ्यावर चढवलेली, खत म्हणजे शेणखत. शेणखतातलं नत्र हळूहळू सुटतं, वेलही बेतानं वाढायची. पुढं बिनबियांची टॉमसन आली, स्वतःच्याच मुळावरची. नव्वदनंतर बऱ्याच ठिकाणी पाणी आटलं, खारटलं. तेव्हा बागायतदार डॉगरीज नावाचा अमेरिकेतल्या रानवेलीचा खुंट लावून त्यावर कलम करू लागले. दाजींनी एक एकर तशी केली. कलम तास-ए-गणेशचं, तासगाव तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी टॉमसनमधूनच निवडलेला हा वाण.

त्या साली छाटणीला चाळीसेक दिवस झाले होते. दाजी चार दिवस गावाला निघाले. म्हणाले, "पाव्हणं, पाणी तेवढं सोडा. खताला हात लावू नका."

मला बाग फिकी वाटली. आमच्या पऱ्हाटीचं पान फिकं दिसलं की आम्ही युरिया टाकतो. तेव्हा ५० किलोच्या गोणीत २३ किलो नत्र असायचं. मी चार गोण्या फोडल्या अन् जुन्या-नव्या दोन्ही बागांत वेलीगणिक दोन मुठी टाकल्या. आठ दिवसांत बाग काळीभोर झाली. दाजी आले, बांधावर उभे राहिले, काहीच बोलले नाहीत.

खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढचा घड जीव धरतो. तेव्हा नत्र आवरायचं, शेंडा मारायचा, काडीला ऊन लागू द्यायचं. नत्र जास्त झालं की वेल पानांतच रमते आणि सावलीतले डोळे वांझ राहतात. त्यात डॉगरीजचं मूळ आधीच हावरं.

ऑक्टोबरची छाटणी झाली. टॉमसनवर घड थोडे कमी आले. नव्या बागेत फुटी भरभरून, पण घड जिरलेले. घडाच्या जागी नुसत्या बाळ्या. मुठी माझ्याच होत्या, खत एकच होतं.

त्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न ठरलं होतं. ते वर्षभर पुढं गेलं. बहीण मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं. दाजी एवढंच म्हणाले, "पाव्हणं, वरचं पान सगळं सांगत नाही." पुढल्या सालापासून ते ४५ व्या दिवशी पानाचे देठ तपासायला पाठवू लागले आणि दोन्ही बागांचं खत वेगवेगळं तोलू लागले.

इकडं पऱ्हाटीचंही तेच. युरियानं माजली की तुडतुडे आलेच समजा. मुलानं गोणीला हात घातला की मी म्हणतो, "थांब बाबू, आधी दिंडोरीची गोष्ट ऐक." त्याला ती पाठ झाली आहे, तरी तो थांबतो.