घरगुती श्वासमापन (फुप्फुस प्रत्यारोपणोत्तर)

फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने घरीच छोट्या स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकून श्वासक्षमता मोजण्याची व आकडे रुग्णालयाला कळवण्याची पद्धत. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा हे मुख्य माप. रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यांपेक्षा ते २० टक्के घटून तसेच राहिले, तर शरीर फुप्फुस हळूहळू नाकारत असल्याची शंका घेतात. धाप लागण्याआधी घसरण दिसू शकते, हीच खरी कमाई. फुंकर अर्धवट मारली तर मात्र आकडा फसवतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९९० च्या दशकात अशा मापनाचे प्रयोग केले. पुढे पिट्सबर्गमध्ये असे आकडे नोंदवण्यासाठी ‘पॉकेट पाथ’ हे मोबाइल ॲप आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वापरणारे रुग्ण इतरांपेक्षा अधिक नियमित मोजमाप करत, धोक्याचे आकडे अधिक कळवत. रुग्णालयात पुन्हा भरती होणे व मृत्यू यांत मात्र फरक पडला नाही.