सर्वसंमती आणि मतपेटी

नेहरूंच्या निधनानंतर, १९६४ साली, काँग्रेस संसदीय पक्षाचा नेता कामराजांनी सदस्यांचा कल खाजगीत अजमावून ठरविला. मोरारजी देसाई बाजूला झाले आणि शास्त्रींची निवड अविरोध झाली. ‘सर्वसंमती’ या शब्दाला तेव्हा राजकीय प्रतिष्ठा लाभली. त्यामागचे मतभेद मात्र अलिखितच राहिले. ताश्कंद येथे शास्त्री निवर्तल्यावर मोरारजींनी माघार घेण्याचे नाकारले. १९ जानेवारी १९६६ च्या गुप्त मतदानात इंदिरा गांधींना ३५५, तर मोरारजींना १६९ मते पडली. या प्रसंगाकडे बहुधा इंदिराजींचा उदय म्हणूनच पाहिले जाते. आमच्या मते, अधिक बोलका आकडा १६९ हाच होय: दुहीची मोजदाद प्रथम झाली ती येथे. १९६७ मध्ये मोरारजींना उपपंतप्रधानपद देऊन लढत टळली. १९६९ मध्ये पक्षच दुभंगला.