गुराबेची पेटी

डिसेंबर १८१२च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ ही ब्रिटिश युद्धनौका अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’पुढे हरली. ती इतकी मोडली होती की जिंकणाऱ्यांनी ती ओढून न नेता पेटवून दिली. मुंबईच्या गोदीत बांधायच्या एका जहाजाचे नकाशे ‘जावा’वर होते. तेही तिच्याबरोबर गेले.

मुंबईत जहाजं बांधणाऱ्या जमशेटजी बमनजी वाडियांकडे मलबारचं सागवान होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले सुतार होते. तरी इंग्लंडहून नकाशांची दुसरी प्रत यावी लागली. १८१६ साली जहाजाचा कणा बसवला, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. मुंबईचं हे सागवान आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ब्रिटनमध्ये पाण्यावर असलेली ती सर्वांत जुनी युद्धनौका.

लाकडी युद्धनौकेचा नमुना बनवायच्या किटची कुळकथाही नकाशापासूनच सांगायला हवी. पेटीत जहाज नसतंच. मोठ्या घडीचे नकाशे असतात, पातळ फळीतून कापलेला कणा असतो, त्यावर आडव्या बसवायच्या फासळ्या आणि लांबच लांब लाकडी पट्ट्यांच्या जुड्या असतात. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, एकेक करून फासळ्यांवर चिकटवायची. बहुतेक किटांत पट्ट्यांचे दोन थर देतात. पहिला साध्या मऊ लाकडाचा, आकार धरण्यासाठी. दुसरा अक्रोडासारख्या देखण्या लाकडाचा, डोळ्यांसाठी. मग डोलकाठ्या, परबाणं, दोर. महिनोन्‌महिने चालणारं हे काम आहे आणि घाई केली की पट्टी मोडते.

या छंदाचा पूर्वज मात्र खेळणं नव्हता. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारी कचेरीसाठी जहाजांचे नमुने बनत. त्यांचं प्रमाण बहुधा एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८. पाण्याखालच्या भागावर मुद्दाम फळ्या मारत नसत, आतला सांगाडा दिसावा म्हणून. आरमाराचा कारभार पाहणारा सॅम्युअल पीप्स १६६२ साली असेच नमुने समोर ठेवून जहाजाची अंगं शिकला. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या तुरुंगांतल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणात आलेल्या मांसाची हाडं राखून त्यांतून जहाजं कोरली आणि विकली. तयार भागांची पेटी ही विसाव्या शतकातली गोष्ट. १९४६ साली अमेरिकेत ‘मॉडेल शिपवेज’ सुरू झाली, तेव्हा किटात जहाजाचं धड सबंध ठोकळ्याचंच मिळे. फासळ्या-पट्ट्यांची रीत घरोघर पोचवण्यात इटली आणि स्पेनच्या कंपन्यांचा मोठा वाटा आहे. पाव इंचाचं ते जुनं प्रमाण अजूनही टिकून आहे. त्या हिशेबाने ‘त्रिंकोमाली’चा दीडशे फुटी तोफांचा मजला साडेसदतीस इंचांत बसतो.

मराठ्यांच्या गुराब या लढाऊ जहाजाची अशी पेटी करायची, तर पहिलाच कागद हाती नाही. कोकणच्या मिस्त्रीचा नकाशा त्याच्या नजरेत आणि हातात असे. जहाजंही उरली नाहीत. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली, इंग्रजांच्याच ताफ्यातून आंग्र्यांनी पूर्वी पकडून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’वर इंग्रजांचा तोफगोळा पडला आणि आग तुळाजी आंग्र्यांच्या साऱ्या आरमारात पसरली. त्या एका आगीत केवढी कारागिरी गेली, याचं दुःख आपल्याकडे पुरेसं झालेलंच नाही.

उरलं ते वर्णन, तेही बरंचसं शत्रुपक्षाचं. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो: दोन डोलकाठ्यांची गुराब फार तर दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशेची. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. तिची नाळ चोचीसारखी पुढे काढलेली, आणि त्या चोचीवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. गुराब हा शब्द अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ कावळा. चोच पाहिली की नाव पटतं. सोबत गलबतं: सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की हीच गलबतं गुराबेला ओढून नेत.

एवढ्या मापांवरून पहिला कच्चा नकाशा निघू शकतो. तो निघावा आणि पेटी कवठे येमाईसारख्या गावातही पोचावी. शिरूर तालुक्यातलं हे गाव, समुद्र सह्याद्रीपलीकडे. पण नमुना करणं इकडच्या पोरांना नवं नाही. दिवाळीत माती-दगडांचा किल्ला रचताना ती बुरूज, माची, दरवाजा जागच्या जागी बसवतात. एखादी पाण्याची परात ठेवून जलदुर्गही करतात. त्या परातीत मराठी जहाज मात्र नसतं.

कणा, फासळ्या, पट्ट्या मापात कापून द्याव्या लागतील. एका भागासाठी मात्र कुठेच जायला नको. ऑर्मने लिहून ठेवलंय की लहान गलबतांचे तक्तपोशी मजले फोडलेल्या बांबूचे असत. बांबूच्या त्या कामट्या गावातली सूप-टोपली विणणारे हात रोजच काढतात.