लग्नाचा खर्च की मीठमिरचीची उधारी? नगर जिल्ह्यातला एक जुना हिशोब

‘शेतकरी कर्जात का बुडतो? लग्नाकार्यात उधळतो म्हणून.’ हे वाक्य पारावर, एसटीत, बँकेच्या रांगेत तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. ते आजचं नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज अधिकारीही हेच म्हणायचे. गंमत म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर, आता अहिल्यानगर) हे म्हणणं त्याच काळात तपासलं गेलं, आणि ते टिकलं नाही. तरी आपण ते अजून बोलतोच आहोत.

मी एमएस्सी केलं संख्याशास्त्रात. आता पीएचडीसाठी ‘घरखर्च मोजायला सुरुवात कशी झाली’ हे शोधते आहे. घरचं बजेट म्हटलं की आपल्याला मोबाइलमधलं अॅप किंवा आईची किराण्याची वही आठवते. पण आपल्याकडे हा इतिहास काटकसरीच्या सल्ल्यातून सुरू होत नाही, तो सुरू होतो वह्या जाळण्यातून.

वह्या का जाळल्या?

१२ मे १८७५. सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. (हे पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे. आपलं पारनेरचं नव्हे.) लोण लगेच नगर जिल्ह्यात आलं: पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख बहुतेक ठिकाणी कर्जाच्या खतांवर आणि हिशोबाच्या वह्यांवर होता.

असं का, ते कळायला थोडं गणित करू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालणार असं ठरलं. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा.

समजा १०० रुपये कर्ज आहे आणि व्याज शेकडा २ रुपये महिना. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो होतो २९६ च्या आसपास, आणि नऊ वर्षांनी ५०९. सरळ व्याज धरलं असतं तर नऊ वर्षांनी देणं ३१६ झालं असतं. मधले १९३ रुपये कुणी हातात दिलेही नाहीत आणि कुणी खर्चही केले नाहीत. ते फक्त वहीत जन्मले. आणि ज्याच्या नावावर ते लिहिले, त्याला बहुतेक वेळा ती वही वाचता येत नव्हती.

आयोगाला काय दिसलं?

दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ चा, आणि १८७८ मध्ये तो ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांचं कर्ज तपासलं, तर खातेदारामागे सरासरी ३७१ रुपये निघाले. एकूण चित्र असं होतं की साधारण एक तृतीयांश खातेदार कर्जात अडकलेले, आणि त्यांचं कर्ज त्यांच्या शेतसाऱ्याच्या सुमारे १८ पट.

माझ्या दृष्टीने अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लग्नसमारंभाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय, असं आयोगाने स्पष्ट नोंदवलं. लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो हे त्यांनी नाकारलं नाही. पण लग्न घरात रोज नसतं. कर्ज फुगतं ते पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या छोट्या उधारीने. खायला धान्य, पेरायला बी, बैल, सरकारचा सारा. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर रक्कम मोठी पण वारंवारता कमी, आणि रक्कम छोटी पण वारंवारता जास्त, यातला हा फरक. लग्न डोळ्यांत भरतं, मीठमिरचीची उधारी भरत नाही.

कायद्याने दिलेलं पासबुक

मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली दोन कलमं मला फार आवडतात. एक, कोर्टाने रोख्यावरचा आकडा तसाच मानायचा नाही. व्यवहार मुळापासून तपासायचा आणि मुद्दल व व्याज यांचे हिशोब वेगळे मांडायचे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या त्या १९३ रुपयांना कोर्टात जाब विचारता येणार. दोन, शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क.

आता पासबुकात लिहिणार सावकारच, आणि मागायचं शेतकऱ्याने. हा हक्क केवढा लंगडा, ते सांगायला नको. तरीही आपल्या देण्याची एक प्रत आपल्या घरात असावी, ही गोष्ट कायद्यात आली.

एकशे तीन घरांचा ताळेबंद

अख्ख्या गावाचा घरोघर हिशोब व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत पिंपळे सौदागरचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये छापून आला. (हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज आयटीवाल्यांचे टॉवर आहेत.) प्रत्येक घराचं शेतीचं उत्पन्न, बाहेरची मजुरी, गरजेचा खर्च आणि कर्जाचं व्याज त्यांनी एकत्र मांडलं. १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबांचं शेतीवर भागत होतं. २८ जणांचं बाहेरची कामं धरून भागायचं. उरलेल्या ६७ घरांचं काही केल्या भागत नव्हतं.

आणि ‘भागणं’ म्हणजे काय, हे मान यांनी गावाच्याच राहणीवरून ठरवलं होतं, साहेबाच्या बंगल्यावरून नव्हे. तेवढंही ज्यांना जमत नव्हतं, त्यांना उधळे म्हणायचं कसं? नंतर त्यांनी शिरूर तालुक्यातलं, म्हणजे आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या कोरडवाहू पट्ट्यातलं, जातेगाव बुद्रुक घेतलं. १९२१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात न भागणाऱ्या घरांचं प्रमाण आणखी जास्त निघालं, शेकडा ८५ च्या घरात.

मग आपल्या वहीचं काय?

आज सरकार घरखर्चाची मोठी पाहणी करतं. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतात महिन्याला माणशी खर्च ३,७७३ रुपये होता, आणि त्यात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या वर. १९९९-२००० मध्ये तो ५९ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. पण खर्चाची पाहणी एक आणि कर्जाची पाहणी दुसरी. मान यांनी एका घराच्या एकाच पानावर जे मांडलं, ते दोन ठिकाणी विभागलं जातं. आपल्या घरीही तेच होतं. किराणा, दूध, गॅस, शाळेची फी लिहिली जाते. कृषी केंद्राची उधारी, बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचं व्याज मात्र कुणाच्या तरी डोक्यात असतं.

म्हणून इतिहासातून तीन साध्या गोष्टी उचलाव्यात असं मला वाटतं. घरची ज्वारी, घरचं दूध यांचीही बाजारभावाने किंमत लिहा, नाहीतर उत्पन्न आणि खर्च दोन्ही खोटे दिसतात. छोटी उधारी ज्या दिवशी झाली त्याच दिवशी लिहा. आणि व्याजाला वेगळा रकाना ठेवा. जुनं कर्ज ‘नवं-जुनं’ करताना मुद्दल किती आणि त्यात घुसलेलं व्याज किती, हे लेखी मागून घ्या.

एवढं करून पैसे वाढणार नाहीत. मान यांच्या ६७ घरांना कुठलीही वही वाचवू शकली नसती, कारण तिथे उत्पन्नच कमी होतं. पण घर कुठे गळतंय ते वहीत दिसतं. आणि पुढच्या वेळी कुणी ‘लग्नात उधळलं म्हणून’ असं म्हणालं, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे आकडे असतात.

पुढच्या लेखात बलुत्याबद्दल लिहीन. सुताराला, कुंभाराला धान्याच्या रूपात दिलेला मोबदला घरखर्चात कसा मोजायचा, यावर बरंच डोकं खाजवावं लागतं.