स्त्रियांच्या राखीव जागा : नकारापासून मागणीपर्यंत

भारतातील संघटित स्त्री-चळवळीने कायदेमंडळांतील राखीव जागा स्वातंत्र्यापूर्वी निक्षून नाकारल्या आणि पुढे त्याच जागांसाठी तितक्याच निष्ठेने लढा दिला, याचा उलगडा केवळ मतपरिवर्तन म्हणून करणे अन्यायाचे ठरेल. कारण पहिला नकारही पूर्ण विचारांती दिलेला होता आणि तो ज्या परिस्थितीत दिला गेला तिचे भान सुटले, तर त्याचा अर्थच हरवतो.

18 डिसेंबर 1917 रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी मांडली. 1919 च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला, आणि 1921 मध्ये मद्रास व मुंबई प्रांतांनी स्त्रियांना मताधिकार दिला. मात्र मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता आणि मालमत्ता पुरुषांच्या नावे असे, त्यामुळे हा हक्क फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला. 1927 च्या जानेवारीत पुण्यात भरलेली अखिल भारतीय महिला परिषद मुळात शिक्षणाच्या प्रश्नासाठी होती, तरी तिलाही लवकरच या वादात उतरावे लागले.

1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेला सरकारने बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन यांना पाचारण केले. स्त्रियांना खुल्या निवडणुकीत उमेदवारी मिळणार नाही, म्हणून निदान काही काळ तरी जागा राखून ठेवाव्यात, असा सुब्बरायन यांचा व्यवहारी युक्तिवाद होता. प्रमुख महिला संघटनांनी 1931 च्या संयुक्त निवेदनात तो फेटाळला आणि सार्वत्रिक प्रौढ मताधिकार, संयुक्त मतदारसंघ आणि कोणत्याही राखीव जागेविना निवडणूक अशी तिहेरी मागणी केली. या भूमिकेत सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांचा आत्मविश्वास होता, हे मान्य करावेच लागते. पण तिच्या मुळाशी खरी भीती वेगळी होती. ज्या राजवटीत राखीव जागा धर्मानुसार वाटलेल्या स्वतंत्र मतदारसंघांशी, म्हणजे एका समाजाच्या मतदारांनी केवळ आपल्याच समाजाचा प्रतिनिधी निवडण्याच्या पद्धतीशी, जोडल्या जात होत्या, तिथे स्त्रियांच्या जागा मागणे म्हणजे स्त्रियांचीही धर्मवार वाटणी पत्करणे होते. जागांची धर्मवार वाटणी करणाऱ्या, ब्रिटिश सरकारच्या 1932 च्या जातीय निवाड्याने ही भीती खरी ठरवली. 1933 मध्ये लंडनला संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष देणाऱ्या राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी याच वाटणीला विरोध केला, आणि त्यांच्यातील एक मुस्लिम होती, ही गोष्ट त्या काळच्या राजकारणात फार मोलाची होती. विरोध व्यर्थ गेला. 1935 च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी 41 जागा ठेवल्या आणि त्या धर्मवार विभागल्या.

याच चळवळीतल्या हंसा मेहता 1937 मध्ये मुंबई प्रांतातून राखीव जागा नाकारून सर्वसाधारण जागेवर निवडून आल्या, आणि 19 डिसेंबर 1946 रोजी घटना समितीत त्यांनी ठामपणे सांगितले की स्त्रियांनी कधीही विशेष सवलती, राखीव जागा वा स्वतंत्र मतदारसंघ मागितले नाहीत, त्यांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. त्याच सुमारास त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताचे प्रतिनिधित्व करीत होत्या. तिथे मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ घेता येईल अशी शब्दयोजना बदलून ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध उल्लेख व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला, आणि 10 डिसेंबर 1948 ला संमत झालेल्या जाहीरनाम्यात तो मान्य झाला. समता गृहीत धरून चालत नाही, ती स्पष्टपणे लिहून घ्यावी लागते, हे त्यांना आंतरराष्ट्रीय मंचावर पुरते उमगले होते. मायदेशी मात्र लिहून घेतलेल्या समतेमागोमाग जागाही येतील, हा विश्वास त्यांच्या पिढीने बाळगला.

तो विश्वास पहिल्याच निवडणुकीत कसाला लागला. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मुलगी एवढीच ओळख देऊन स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदारयाद्यांतून वगळावी लागली, आणि 1952 च्या लोकसभेत स्त्रिया जेमतेम 5 टक्के होत्या. 1977 मध्ये तर केवळ 19 जणी निवडून आल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवाहनानंतर नेमलेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने 1974 च्या अहवालात कायदेमंडळांतील राखीव जागांची शिफारस बहुमताने टाळली, पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. समान मताधिकाराने पाव शतकात काय साधले याचा हिशेब मांडून पूर्वसुरींचा निष्कर्ष बदलण्याचे धैर्य या दोघींनी दाखवले, आणि पुढच्या चळवळीची खरी दिशा तिथेच ठरली.

एप्रिल 1993 पासून लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, तेव्हा निवडून आलेल्या स्त्रिया नवऱ्यांच्या हातातील बाहुल्या ठरतील असा आक्षेप सर्रास घेतला गेला. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींवरील राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांच्या 2004 मधील अभ्यासाने दाखवले की पंचायतीचे प्रमुखपद स्त्रीकडे असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च होतो, म्हणजे प्रतिनिधी बदलला की निर्णयही बदलतात. मुंबई महानगरपालिकेचा पुरावा तर 1931 च्या वादाला थेट भिडतो. तिथे स्त्रियांसाठी प्रभाग पाळीपाळीने राखीव होतात, त्यामुळे एका निवडणुकीतील राखीव प्रभाग पुढच्या वेळी खुला होऊ शकतो. 1997 आणि 2002 च्या निवडणुकांचा रिखिल भवनानी यांनी अभ्यास केला, तेव्हा आधी राखीव असलेल्या खुल्या प्रभागातून स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट आढळली. कारण जिंकू शकणाऱ्या स्त्रिया राजकारणात आल्या होत्या आणि त्या जिंकू शकतात हे पक्षांना कळून चुकले होते. संसदेसाठी असा कायदा 1996 पासून रखडत 2023 मध्ये संमत झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट घालूनच.