चाकण ते फ्रँकफर्ट: किती लांब?

फोनला विचारा, पुणे ते फ्रँकफर्ट किती लांब? हवाई अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, थेट विमानाला साडेआठ-नऊ तास. अडचण एवढीच, की असं थेट विमान आज पुण्याहून नाही.

एकेकाळी होतं. २००८ साली लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, तीही छोट्या विमानाने. २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीहून चाकणला आली. म्हणजे ज्या गावाची ओळख कांद्याचा बाजार आणि १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग, त्या गावाला जर्मनी एका झोपेच्या अंतरावर आली.

पण मोठं विमान का नाही? लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांनी उभारलेला. प्रवासी विमानं तिथे पाहुणी. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर. युरोप गाठायचं तर टाक्या भरून निघावं लागतं. जड विमानाला उडायला लांब धावपट्टी लागते, आणि पुण्याच्या उंचीवर, उन्हाळ्यातल्या विरळ हवेत आणखीच लांब. म्हणून नवा विमानतळ हवा, अशी मागणी उद्योगांनी लावून धरली, आणि जागा सुचली ती चाकणच्या शेजारी, खेड तालुक्यात.

इथे प्रश्न किलोमीटरचा राहत नाही. एमआयडीसी आली तेव्हा या भागातल्या कित्येक घरांनी एकदा जमीन दिली होती. आता पुन्हा? गावागावांतून विरोध झाला, जागा बदलत राहिल्या. शिवाय भोवती डोंगर. शेवटी २०१६मध्ये विमानतळ पुरंदरला न्यायचं ठरलं. तिथे पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी अशी सात गावं, आणि तोच सवाल. विमानतळ गेल्याने चाकणच्या कारखानदाराचं नुकसान झालं, असं सरसकट म्हटलं जातं. ते खरंही असेल. पण ज्याचं शेत वाचलं, त्याचा हिशोब त्या वाक्यात कधीच धरलेला नसतो.

अंतर तेवढंच राहतं आणि वेळ मात्र बदलतो, हे आपल्याकडे नवं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून सकाळी निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. (याच टाटांच्या टेल्कोने पुढे पिंपरीत कारखाना काढला.) ८ जून १९४८ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. बोटीने हाच प्रवास आठवड्यांचा होता. आज मुंबई–कराची थेट विमान नाही. दुबईला वळसा घालून जायचं, तर १९३२च्या त्या छोट्या विमानाने लवकर पोचलो असतो!

ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. द्रुतगती मार्गाने तो चाकणला मुंबईपेक्षा जवळ पडतो. मात्र द्रुतगती मार्ग गाठायला आधी तळेगाव चौक ओलांडावा लागतो. संध्याकाळी शिफ्ट सुटलेली असते, कंटेनर एकामागे एक उभे असतात, आणि फोनवरची वेळ दर पाच मिनिटांनी वाढत जाते.